गाड्या त्यांनी शिकवाव्यात

निकिता,

तुझं आणि माझ्या चेतनचं लग्न झालं त्या वर्षी मी साक्षरता वर्गात अक्षरं शिकले. वाकडं दिसलं तर समजून घे. यांना जाऊन उद्या वर्ष होतंय, त्या पुण्यानुमोदनाची वेळ भन्तेजींना विचारायला विहारात जाते आहे. डाळ शिजवून ठेवली आहे, फोडणी तू दे.

सुगत बालवाडीतून आला की तुझ्या आई त्याच्याशी गाड्या खेळतीलच. माझा पाट पिठाच्या डब्याला टेकवून उतार करतील. गाडी फरशीवर लांब का जाते, टॉवेलवर का थांबते, सगळं छान समजावतात. बाई होत्या शाळेत, येणारच. मी आपली सोफ्याखाली गेलेल्या गाड्या काढून देणारी. काल म्हटलं, "मी सोडू का एक?" तर सुगत म्हणाला, "तुला नाही येत, आजी." त्या हसल्या. हसू देत.

पण मग त्याने आजोबा कुठे गेले ते विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, "गाडीत बसून लांब गेलेत." तेव्हापासून पोरगं उतारावरून गाडी सोडतं आणि ती आजोबांना घेऊन वर येईल म्हणून बघत बसतं. खाली गेलेली गाडी आपली आपण वर येत नाही, हे त्यांनीच शिकवलं ना?

गाड्या त्यांनी शिकवाव्यात. हे मात्र त्याला मी सांगणार. मी येईपर्यंत कुणी बोलू नका. मी एवढंच सांगेन: सुगत, तुझे आजोबा कचरू गेल्या वर्षी सोळा जानेवारीला सकाळी याच घरात वारले.