होडीचा केक

५ जानेवारी, सोमवार

नलूचा, माझ्या बायकोचा, फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. ती गणपतीनंतर गेली. मंदार तेव्हापासून म्हणतोय, बाबा, सिम बंद करू या. उद्या करू, असं म्हणत राहिलो.

आज दुपारी तो वाजला. उचलला तर मला बोलूच दिलं नाही. "काकू, मी हेमांगी, दांडीवरून. ओवीचा वाढदिवस अठराला. पाचवा. ह्या वेळी तिच्या पप्पांची होडी पायजे, केकाची. दर वर्षी तुमचाच असतो, दुसरीकडं सांगनार नाय."

मी म्हणालो, होईल. मग सांगितलं की काकू नाहीत. कधी, कसं, तिने विचारलं. मग, "काका, मला ठाऊक नव्हतं वो. राहू द्या मग."

"राहू कशाला? करतो मी."

फोन ठेवल्यावर घरात चार फेऱ्या मारल्या. केक मी आयुष्यात केलेला नाही. केक तिचा, कागदकाम माझं. मुकुट, झालरी, आकड्यांचे पुठ्ठे, फोडायच्या कागदी पिशवीत, खोईत, गोळ्या भरून ती छताला टांगायची. रिटायर झाल्यापासून एवढंच. कंपनीत ड्रॉइंग सेक्शनला तीस वर्षं होतो, कात्री सरळ चालते. पण अंडी फोडायची म्हटली तर टरफल आत पडतं.

६ जानेवारी

मं. चा फोन. ओव्हनला गिऱ्हाईक मिळालं. मनोरची कोणी बाई आहे, नव्याने सुरू करतेय. सोमवारी, एकोणीसला, टेम्पो घेऊन येईल. बीटर, साचे, फिरती प्लेट, सगळंच नेईल. मग ही सरावलीची खोली भाड्याने द्यायची आणि मी पालघरला त्यांच्याकडे.

"चालेल ना बाबा?"

चालेल म्हणालो. केकचं बोललो नाही. दोन दिवसांत दोन ठिकाणी हो म्हणून बसलो आहे आणि ही दोन हो एकमेकांना धरून नाहीत. ओव्हन गेला की इथे राहून मी करणार काय, हेही खरं. आणि तो न जावा असं वाटतंय, हेही.

संध्याकाळी बोईसर बाजारात जाऊन मैदा, बेकिंग पावडर, बटर आणलं. दुकानदार म्हणाला, काका, बऱ्याच दिवसांनी. मी मान हलवली.

७ जानेवारी

पहिला केक. पुरीएवढा जाड. दुसरा मधे खचला. शेजारच्या मिश्राभाभी वास आला म्हणून दारात आल्या. तुकडा मोडून खाल्ला.

"अंकलजी, सच बोलूँ? चाय के साथ चल जाएगा। बिस्कुट समझ के।"

"आणि दुसरा?"

"दूसरा मत पूछिए।"

मग त्याच म्हणाल्या की आंटीजी अंडं आणि साखर खूप फेटायच्या, भिंतीपलीकडे मशीनचा आवाज येत राहायचा, आमचं बाळ त्या आवाजात झोपायचं. मी घरातच असायचो. मला तो आवाज आठवत नाही. बहुतेक ऐकू येणं बंद झालं होतं.

९ जानेवारी

फेटणं वाढवलं. बरा झाला. एका बाजूला करपला.

घरात बसवेना. दांडीला जाऊन आलो, होडी बघायला. हेमांगीने पाठवलेल्या फोटोवरून उंची कळत नाही. हेमांगीचा नवरा नितेश किनाऱ्यावर होडीत बर्फ चढवत होता. हिरवी होडी, वर पिवळा पट्टा, नाव सागरलक्ष्मी. मी वहीत प्लॅन आणि एलेव्हेशन काढायला लागलो तशी खलाशांना मजा वाटली.

नितेश म्हणाला, "काका, इंजिन पन बसवा केकात. हिच्यापेक्षा तुमची जास्त चालंल."

"अठराला असणार ना घरी?"

"यायचा इचार हाय. दर्याचं काय सांगावं? आयेला होडीचं सांगू नका, तिच्या पोटात काय राहत नाय, ओवीला लगेच कळंल."

त्याची आई पलीकडे बांबूंच्या मांदणीवर बोंबील वाळत घालत होती. तिने मला ओळखलं. "नलूबायचं मालक ना तुमी? कशी हाय?" सांगितलं. हातातला बोंबील तसाच राहिला. मग म्हणाली, "नि तुमी इकडं काय करताव?" मासे घ्यायला आलो असं सांगितलं. मग घ्यावेच लागले.

११ जानेवारी, रविवार

मं. आणि त्याची बायको स्वाती आले. ओट्यावर मैदा, टेबलावर पुठ्ठ्याची होडी. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मं. म्हणाला, "हे काय चाललंय?" सांगितलं. "बाबा, ओव्हन दिलाय आपण."

"एकोणीसला. हे अठराला आहे."

स्वाती हळू आवाजात, "वर्ष होईपर्यंत आपल्या घरात गोडाधोडाचं करत नाहीत, बाबा. गावात लोक विचारतील." मी म्हणालो, आपल्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. आपण नुसतं करायचं. ती ओट्यावरचा मैदा पुसायला लागली. मलाही ते फार पटलेलं नव्हतं.

मं. बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आत येऊन म्हणाला, "तुम्हाला तिकडे काय कमी पडणार आहे?" काही नाही. कमी काहीच पडणार नाही.

जाताना स्वाती चपला घालता घालता बोलली, "क्रीम फेटायच्या आधी भांडंसुद्धा फ्रीजमधे ठेवायचं. आई ठेवायच्या." मं. ने ऐकलंच नाही असं दाखवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे यंदा तिळगूळ नाही. नलू ह्या आठवड्यात बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करायची, बारके मुकुट, बाजूबंद. दोघे-तिघे दरवर्षीचे विचारून गेले असतील, फोनवर मेसेज दिसतात. उघडले नाहीत.

मिश्राभाभींनी खिचडी आणि तिळाचे लाडू दिले. लाडू घेतला, खाल्ला नाही, डब्यात ठेवला.

दिवसभर हात चालू ठेवले. अडचण अशी की होडी खालून निमुळती, केक उभा राहत नाही, कलंडतो. खाली पाचर लावली, तरी कलंडतो. शेवटी खाली एक चौकोनी केक घ्यायचा ठरवलं, मधे खाच करून होडी त्यात रुतवायची. वर निळं क्रीम, म्हणजे समुद्र. मैदा दुप्पट लागेल. पण सरावाच्या केकांवर करून बघितलं, बसली. एकदम सरळ बसली. कोणाला तरी दाखवावी म्हणून वळलो.

१५ जानेवारी

काही केलं नाही. झोपून राहिलो, उठलो, परत झोपलो. नलूचा एप्रन दाराच्या खुंटीला आहे. मला तो तोकडा पडतो. तरी आता तोच घालतो, बटर उडतं.

१७ जानेवारी

भाजून झालं. दोन्ही केक फुगले. काल केलेल्या पुठ्ठ्याच्या साच्याने होडी कापली. थंड असताना कापली की कड तुटत नाही. क्रीम पहिल्यांदा फाटलं, दुसऱ्यांदा जमलं, भांडं गार होतं म्हणून. हिरवा रंग थोडा जास्त झाला. डोलकाठीला सळई, वर कागदाचे झेंडे. साखरेच्या फॉन्डंटचे छोटे मासे, पापलेट ओळखू येतात, बाकीचे नुसते मासे.

नाव लिहायला बसलो आणि हात अडला. आयुष्यभर ड्रॉइंगवर अक्षरं काढली, पेनने. कागदी कोनातून क्रीम दाबायचं म्हणजे अक्षर आपलं ऐकत नाही. ताटावर रंगीत तालीम केली. मग लिहिलं. सागरलक्ष्मी. ल थोडा मोठा.

हेमांगीचा फोन. नितेश अजून समुद्रावरून आला नाही. रेंज नाही. "येतील उद्यापर्यंत." आवाज नेहमीचा ठेवत होती.

१८ जानेवारी, रविवार. रात्री.

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

रिक्षात केक मांडीवर घेऊन गेलो. तारापूर रस्त्याला प्रत्येक खड्ड्याला जीव वर. पोचला, एक झेंडा पडला, तेवढंच. अंगणात मांडव, मुलं, मी करून पाठवलेल्या कागदी टोप्या घातलेल्या. नितेश आलेला नव्हता. हेमांगीने पोरांना जास्तच खायला घातलं होतं, हातांना काम म्हणून.

खोक्याचं झाकण काढलं तर आधी सगळे ओरडले. ओवी तर टेबलावर चढायला निघाली. "पप्पांची! पप्पांची होडी!" आणि मला, लिहायला हरकत नाही, बरं वाटलं. खूप दिवसांनी.

मेणबत्त्या लावल्या. हेमांगीने ओवीच्या हातात सुरी दिली. तेवढ्यात नितेशची आई पुढे आली, सुरीवर हात ठेवला.

"काय कापनार हाय ही?"

"केक, आई."

"ह्यो केक हाय? नाव वाच. माजा पोर त्या होडीवं हाय. अजून घरी आला नाय. नि तुमी तिला सुरी लावताव?"

कोणीतरी हसण्यावारी न्यायला गेलं, "अगे आये, मैदा हाय तो," तर दुसरी एक बाई म्हणाली, "मैदा असंल. आमी नाय कापनार." हेमांगीचा चेहरा पडला. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडावर आलं. ओवीने सुरी टाकली आणि रडायला लागली. "माझ्या पप्पांची होडी कापायची नाय."

मी तिथेच उभा. नितेश समुद्रात असेल हे मला माहीत होतं. त्याला मीच विचारलं होतं. त्याच्या होडीचं नावही मीच काढलं, ताटावर सराव करून. आम्ही वाडीतली माणसं, नारळ-केळीवाली, होडी म्हणजे आम्हाला चित्र. नलूला हे कळलं असतं. ती ऑर्डर घेताना आधी घरातल्या म्हातारीला फोन द्यायला लावायची. मला वाटायचं, गप्पा मारते.

म्हातारी माझ्याकडे वळली. "तुमची चूक नाय बाबा. तुमाला काय ठाव." हे ऐकून जास्त लाज वाटली. केक उचलून परत न्यावा, उद्या ओव्हन जाऊ दे, सगळं संपवावं, असं मनात आलं.

मग मी म्हणालो, खालचा समुद्रही केकच आहे. होडीला हात लावू नका. समुद्र कापा.

म्हातारी वाकून बघायला लागली. बोटाने निळ्या क्रीमचा कोपरा चेपला, चाटला. विचार केला. "दर्या ना? कापा. त्याला काय होतंय?"

सगळ्यात आधी ती स्वतः हसली. ओवीने तिच्यासोबतच एक कोपरा कापला. पोरांनी चारी बाजूंनी समुद्र खाल्ला, पापलेटांवरून मारामारी झाली, होडी मधे तेवढ्याच एका निळ्या चौकोनावर उभी राहिली. म्हातारीने ती स्वतः उचलून फ्रीजमधे ठेवली, आतली कोळंबी बाहेर काढून.

निघताना मला म्हणाली, "तुमच्या हाताला चव हाय. नलूबायची नाय, तुमचीच."

उद्या टेम्पो. मं. ला काही कळवलं नाही.

१९ जानेवारी

सकाळीच हेमांगीचा फोन. मागे इतका गोंगाट की आधी काही कळेना. सागरलक्ष्मी किनाऱ्याला लागली, पहाटे. इंजिन बिघडलं होतं, दुसऱ्या होडीने ओढून आणलं. "हे म्हणाले होते तसं केकात इंजिन बसवायला पायजे होतं, असं सांगतायत." नितेशने होडी फ्रीजमधून काढली, हाताने मोडून पहिला घास ओवीला भरवला, मग खलाशी तुटून पडले. त्याने मोडली तर चालली. तो घरी होता.

मग फोन म्हातारीने घेतला. "आयका. खलाशांना पुरला नाय. नि माज्या वाट्याला नुसता रंग आला. आज सांजेला एक पाठवा."

"कसला करू?"

"गोल. होडी नको, मासा नको, नाव नको, काय नको. नुसता गोल."

मी ओव्हन लावला.

मनोरची बाई आली तेव्हा केक आत होता. तिशीची असेल, सोबत भाऊ. मंदारने सगळं बोलून ठेवलंय म्हणाली. मी म्हणालो, ओव्हन तापलेला आहे, आता उचलता येणार नाही. बसा. भाऊ खाली टेम्पोवाल्याकडे गेला. ती स्टुलावर बसली, साचे बघत होती. मी सारखा उठून ओव्हनचं दार उघडून बघत होतो, तर म्हणाली, "काका, नका ना सारखं उघडू, खचेल तो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझे आठ खचलेत."

झालाय का बघायला मी तिला वास घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, अजून वेळ आहे, मधे ओला असणार. मग विचारलं, "हा कुणासाठी आहे?" मी होडीचं सांगायला लागलो आणि बरंच सांगत राहिलो. नलूचंही. ती ऐकत होती. एप्रन माझाच का, असं तिने विचारलं नाही.

मं. चा फोन वाजतोय, टेबलावर. ती माझ्याकडे बघतेय. खालून टेम्पोवाला हॉर्न देतोय. केक अजून आतच आहे.