बैलगाडी नदीपाशी थांबते तिथं

माय, तो बांगड्यावाल्या बाईचा पिक्चर परत लागला होता. आपल्याच टॉकीजात. मी भाजी घेऊन येत होते, तर भिंतीवर तिचा चेहरा चिकटवलेला दिसला, डोळ्यापाशी कागद जरा फाटलेला. मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. भाजीवाली म्हणली, पोरी, बघायचंच तर सावलीत उभी राहून बघ. मी लाजून निघाले, पण घरी येईपर्यंत तोच चेहरा डोळ्यापुढं. तुला जाऊन लई वर्षं झाली. तेव्हा मी फ्रॉक घालायची, आता साडी नेसते. शाळा तू गेलीस त्याच वर्षी सुटली, छोट्याला कोण बघणार आणि भाकरी कोण थापणार. मला चार माणसांत बोलायला जमत नाय, हे तुला माहीतच हाय. लिहायला जमतं, म्हणून लिहिते.

तुझं पिक्चरला जायचं गुपचूप असायचं. आजीनं तुझ्या लग्नातच सांगून ठेवलं होतं म्हणे, आपल्यातल्या बायका टॉकीजात जात नाय. अण्णा त्यावर हो म्हणले नाय की नाय म्हणले नाय, पण तू त्याचा अर्थ नाय असाच घेतला. ते दिवसपाळीला चिकलठाण्याला कारखान्यात गेले की तू कामं उरकायचीस, छोट्याला शेजारच्या काकूकडं सोडायचीस आणि माझा हात धरून उस्मानपुऱ्यातून निघायचीस ती तिनाच्या खेळाला. बायकांची जागा मागं, निराळी, पुढं जाड पडदा. अंधार झाला की दारावरची खाला पडदा सारायची, मधल्या सुट्टीत उजेड व्हायच्या आत परत ओढून घ्यायची, म्हणजे पुरुषांना आपण दिसू नये. त्या पडद्याला तेलाचा आणि अत्तराचा वास यायचा. अजून येतो.

पण पिक्चर सुटायच्या आत अण्णा घरी पोचणार, म्हणून आपण कधी शेवटापर्यंत बसलोच नाय. ऐन रंगात आलं की तू माझं मनगट दाबायचीस. मी उठायची. अंधारात बायकांच्या पायांवरून चाचपडत आपण दारापाशी, आणि खाला दर वेळी तेच म्हणायची, "क्या बाई, दावत में से आधे पेट उठके जाते क्या?" तू पदर सावरत म्हणायचीस, पोट भरलं खाला. मग आपण जवळजवळ पळत घरी. तू धापा टाकत स्टो पेटवायचीस, चहाचं आधण ठेवायचीस आणि दाराकडं कान. अण्णा यायचेच नाय. आधण उकळून उकळून अर्धं व्हायचं. तू म्हणायचीस, आज उशीर झाला वाटतं यांना.

आता तर पिक्चर घरोघर टीव्हीवर पण लागतात. काकूच्या घरी पोरी भांडतात, हा भारी का तो भारी. मी कोपऱ्यात बसते, मला कुणी विचारत नाय. विचारलं तर मी तुझेच सांगेन. तो दोन भावांचा, ज्यांच्यात कोट एकच. एक बाहेर गेला की दुसऱ्यानं घरात बसायचं, आणि मग दोघांना एकाच लग्नाचं बोलावणं येतं. सगळे हसून लोळतात, पण तो धाकटा एकदा पण हसत नाय, त्याला खरंच थंडी वाजत असते. तू म्हणली होतीस, हसवणाऱ्याला आपण हसवतोय हे कळलं की संपलं. दुसरा त्या शिंप्याचा. ज्या पोरीवर त्याचा जीव, तिच्याच लग्नाचं पोलकं तो शिवतो. तोंडातून एक शब्द काढत नाय, नुसता दातानं दोरा तोडतो आणि पोलकं घडी करून ठेवतो. दुसऱ्या कुणी तिथं गाणं घातलं असतं. ह्यांनी घातलं नाय, म्हणून तो पिक्चर मोठा. हे मी काकूच्या पोरींना सांगू शकत नाय, त्या म्हणतील गाणं नाय तर काय बघायचं.

आणि सगळ्यात वर बांगड्यावाली. बांगड्यांच्या भट्टीवर काम करणारी बाई, तिच्यावर चोरीचा आळ येतो, गाव तिला हाकलतं, लहानी पोरगी मागं राहते. आळ घेणारा मुकादम, त्याचा मला लई राग यायचा. पण एका जागी तो एकटाच भाकरी खात बसलेला दाखवलाय, पाणी द्यायला पण कुणी नाय, ठसका लागतो आणि तो स्वतःच उठून माठाकडं जातो. तू माझ्या कानात म्हणलीस, बघ, ह्यालाबी कुणी नाय. तेव्हापासून मी पिक्चर तसाच तोलते. ज्यातला वाईट माणूस पण भाकरी खाताना दिसतो, तो चांगला. लई वर्षांनी ती बाई बैलगाडीनं गावाकडं निघते. वाटेत नदीला पूर. गाडी काठावर थांबते, बैल पाण्याकडं बघून पाय मागं घेतात. तिथं तू माझं मनगट दाबलंस.

घरी अण्णा जेवायला बसले की तू ती गोष्ट म्हणून सांगायचीस, मला आणि छोट्याला. "एक बाई असती बरं का," अशी सुरुवात. अण्णा खाली मान घालून जेवायचे. नदीपर्यंत पिक्चर, आणि पुढचं तुझं. पाणी उतरतं, गाडी पलीकडं जाते, पोरगी अंगण झाडत असती, आईच्या हातातल्या बांगड्या वाजतात आणि पोरगी न बघताच ओळखती. मला वाटायचं, खरंच असंच हाय. कोटवाल्यांना पण तू नवरीच्या आईकडून दुसरा कोट देवविला होतास. तुझ्या शेवटांत कुणी मेलंच नाय कधी.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा मोठी माणसं म्हणली, पोरीनं हे बघू नये. मला मावशीकडं खुलताबादला पाठवलं. मावशी सारखं खाऊ घालायची आणि तुझं विचारलं की दुसरंच काहीतरी बोलायची. मला घरी आणलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. तुझी साडी धुऊन दोरीवर वाळत होती. कुणी धुतली, ते मी कुणाला विचारलं नाय. शेवटी तू काय बोललीस, हे पण नाय. पुढं एकदा काकूच्या पोरींना मी बांगड्यावालीची गोष्ट तुझ्या शेवटासकट सांगितली, माझ्यासारखीनं एवढं बोलायचं म्हणजे लई झालं. त्या हसायला लागल्या. मोठी म्हणली, येडी का तू, ती तर पुरात वाहून जाती, पोरीला नुसत्या बांगड्या सापडतात. मी हातातले दाणे निवडत राहिले.

परवा अण्णा सायकल पुसत होते. माझ्याकडं न बघताच म्हणले, "तुझ्या मायचा पिक्चर लागलाय. जायचं का?" माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. म्हणलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणले, "कारखान्यात माणसं तीच गोष्ट सांगायची, घरी आलं की तीच ताटापुढं. न कळायला काय झालं?" चाकाच्या तारा एकेक करून पुसल्या त्यांनी. मग म्हणले, भोंगा झाला की मी चहाच्या गाडीवर मुद्दाम बसून राहायचो. तिचं नीट बघून होऊ दे, मग जाऊ. मी विचारलं, मग सांगितलं का नाय तिला? ते म्हणले, "सांगितलं असतं तर ती लाजून गेलीच नसती." आणि म्हणले, शेवट मात्र ती दर वेळी बदलून सांगायची. का, ते कळलं नाय मला.

माय, मला ते आधण आठवलं. तू इकडं दाराकडं कान लावून, ते तिकडं रिकामी कपबशी घेऊन बसलेले. त्यांना वाटतं तू सगळं बघायचीस. आपण नदीपाशीच उठायचो, हे माझ्या ओठापर्यंत आलं. मी फडकं उचललं आणि आत गेले.

काल गेलो आम्ही. ते पुढं पुरुषांत, मी मागं पडद्यात. खाला आता म्हातारी झाली, तिनं मला ओळखलं नाय. मुकादम भाकरी खायला बसला तसं मला रडू यायला लागलं, सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मग बैलगाडी निघाली. ह्या वेळी घरी चहा ठेवायची घाई नव्हती. ज्याच्या भ्यानं पळायचं तोच पुढं बसला होता. बैलांनी पाय मागं घेतले आणि माझं मी मनगट धरलं, उठले. दारापाशी खाला म्हणली, "अब तो आखिर हाय, बैठ ना बेटी." माझ्या तोंडून निघालं, पोट भरलं खाला. तशी तिनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी सायकलींपाशी जाऊन उभी राहिले. आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता, लई वेळ. मग माणसं बाहेर आली, सगळ्यात शेवटी अण्णा. डोळे लाल. रुमालानं नाक पुसलं, कुलूप काढलं, मी मागं कॅरियरवर बसले. उस्मानपुऱ्यात आलो. मग पाठमोरेच म्हणले, "माय सांगायची तसाच निघाला शेवट. नाय का?"

परवा तर तेच म्हणले होते, ती शेवट बदलून सांगायची म्हणून. मी म्हणलं, "व्हय."

हा कागद कुठं टाकायचा ते मला कळत नाय. पिठाच्या डब्याखाली ठेवीन. पण तुला एक सांगते. मला खुलताबादला पाठवलं त्याचा मी इतकी वर्षं सगळ्यांवर राग धरला, की मला शेवटाला राहू दिलं नाय. आणि काल मला कुणी उठवलं नव्हतं.