दोन पलंगांची केबिन

म्तवालुमे,
९ फेब्रुवारी २००४

प्रिय वन्सं,
स.न.वि.वि.

त्या सकाळी मी चुलीतली राख मिरच्यांच्या वाफ्यात टाकली, नळाखाली बादली लावली आणि कोंबड्यांना मका घालत होते. बादली भरून वाहायला लागली म्हणून धावले, तर तुम्ही फाटकातून आत येत होता. शनिवार नसताना तुम्ही डर्बनहून आलात म्हणजे काय, ते मला तिथेच कळलं. तरी मी आधी नळ बंद केला. हे कुणाला सांगितलं नव्हतं. वर्ष उलटलं, पण वाटतं, नळ तसाच वाहू दिला असता तर तुम्ही अजून फाटकातच असता आणि काही बोलला नसता.

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. माझे काळे कपडे उतरवण्याचा विधी झाला. त्यानंतर मोठ्या भावजींनी मला बसवून घेतलं. म्हणाले, झेफानियाचं शरीर विमानातून पेटीत आलं आणि आपण पुरलं, पण तो स्वतः जिथे पडला तिथेच आहे, त्या बोटीच्या धोबीखान्यात. आपल्या रीतीप्रमाणे काटेरी फांदी नेऊन तिच्यावर त्याचा आत्मा घरी आणायला कुणी गेलंच नाही. हे काम खरं तर भावजींचं. पण त्यांना आपल्या नदीचा पूल ओलांडतानाही चक्कर येते, तर ते समुद्रावर काय जाणार? मी जाते म्हटल्यावर बराच वेळ खोकले आणि मग हो म्हणाले.

तुमच्या भाच्याने, थेम्बाने, पेपरात वाचलं की ही बोट मार्चअखेर युरोपला जाणार आणि पुन्हा इकडे येणार नाही. म्हणून त्याने घाईने माझं तिकीट काढलं. पंधरा मार्च, चार रात्री. एकटी असले तरी केबिनचे पैसे दोघांचे लागतात म्हणून तो कुरकुरत होता. मी म्हटलं, अरे, बरोबरच आहे की, आम्ही दोघंच आहोत.

तुम्ही अकरा वर्षं त्या बंदरावर प्रवाशांच्या इमारतीत झाडू-पोछा करताय. तुम्हीच सांगा, बोटीत चढायचं कसं? तिकिटाबरोबर नियमांचं पुस्तक आलंय, ते मी दोनदा वाचलं. माणसाने काय काय करू नये याची एवढी मोठी यादी मी बायबलातही पाहिली नाही. पण फांदी नेऊ देतील का, ते मला त्यातून नीट समजलं नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. तुमची माया आहे म्हणून हे विचारायचं धाडस केलं.

तुमची,
माशेझी


डर्बन,
१६ फेब्रुवारी २००४

प्रिय माशेझी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी झाडूच्या खोलीत बसून वाचलं आणि रडून घेतलं. आता तोंड धुऊन कामाचं लिहिते.

पहिली गोष्ट, सकाळी सहाला येऊन उभी राहू नकोस. आपली माणसं बस चुकेल या भीतीने पहाटे येतात आणि दुपारपर्यंत उन्हात पाय सुजवून घेतात. तिकिटावर वेळ लिहिलेली असते, त्या वेळेला ये. बोट तुला सोडून जात नाही. चारला निघणार असेल तर तीनला दार बंद, एवढंच लक्षात ठेव.

मोठ्या बॅगेला केबिनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांध. ती बॅग हमाल घेतात आणि संध्याकाळपर्यंत तुला दिसत नाही. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, पासपोर्ट, चष्मा आणि एक बदलायचा झगा हातातल्या पिशवीत ठेव. मागच्या महिन्यात एका बाईने पासपोर्टच मोठ्या बॅगेत टाकला होता. बॅग पुढे गेली आणि बाई माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बसून रडली.

शिदोरी आणू नकोस. हे मी तुला हात जोडून सांगते, कारण तू आणशील. इस्त्री, किटली, मेणबत्ती, चाकू, सगळं काढून घेतात. नंबर लावून बोटीवरच्या कोठीत ठेवतात आणि उतरायच्या दिवशी परत देतात. पण खाणं परत देत नाहीत. दर फेरीला एखादी तरी आजी भाजलेली कोंबडी, वाफवलेला पाव आणि आल्याच्या पेयाची बाटली घेऊन येते, आणि हे फेकणार म्हटलं की तिथेच उभी राहून अख्खी कोंबडी खाते. मागे रांग लागलेली, आणि ती हाडं चोखतेय. एकीने मलाही तंगडी दिली. छान होती.

आता केबिन. खालच्या मजल्यावरची, मधोमध असेल तर कमी हलते. तुझी तशीच आहे, मी आमच्या साहेबांकडून नंबर पाहून घेतला. चढल्या चढल्या एक कार्ड देतील. तीच किल्ली, तीच ओळख, आणि आत पैसे चालत नाहीत म्हणून तोच बटवा. गळ्यात घाल. भोंगा वाजला की केशरी जाकीट घालून सांगितलेल्या जागी उभं राहायचं असतं. ते टाळता येत नाही आणि घाबरायचं नाही, नुसता सराव असतो. यापुढचं मला विचारू नकोस, कारण मी अकरा वर्षांत बोटीवर चढायच्या शिडीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. सगळं उतरणाऱ्या लोकांकडून ऐकलेलं आहे.

फांदीचं मात्र वाईट आहे. हिरवा पाला, माती, फळं, काही चढू देत नाहीत. आडून आडून विचारलं, तर सरळ कचऱ्यात टाकतात म्हणाले. तू असं कर, ती झग्याच्या आत कमरेला बांध. बायकांना फार चाचपत नाहीत. काटे टोचतील, पण नवऱ्यासाठी तेवढं सोस.

मोठ्या दादांना म्हणावं, खोकल्याला मध घ्या. तू विचारत राहा, मला बरं वाटतं.

तुझी नणंद,
बाजाबुलिले


म्तवालुमे,
२४ फेब्रुवारी २००४

प्रिय वन्सं,
स.न.वि.वि.

पत्र मिळालं. कोंबडीचा बेत मी केलाच होता, तो रद्द केला. तंगडीबद्दल वाचल्यावर मात्र वाटतं, तुमच्या सल्ल्यात तुमचंच नुकसान आहे.

फांदी कमरेला बांधणार नाही. चौदा वर्षं या माणसाने त्या बोटीच्या चादरी धुतल्या आणि इस्त्री केल्या, आणि घरी कधी एक उशीची खोळ आणली नाही. आता त्यांना मी चोरून आणू? मग घरी आल्यावर ते माझ्याशी बोलणार नाहीत. हातात धरून नेईन आणि विचारतील त्याला खरं सांगेन. कचऱ्यात टाकलीच, तर काय करायचं ते मला माहीत नाही. दुसरी बोट नाही, दुसरी वेळ नाही, हे मला दिवसातून दहादा आठवतं.

भावजी म्हणतात, फांदी घेऊन त्या जागी जाऊन नावाने बोलवायला हवं, नाहीतर त्यांना कळायचं कसं की आपण आलोय. पण पुस्तकात लिहिलंय, प्रवाशांनी कामगारांच्या मजल्यावर जाऊ नये. काही मार्ग ऐकून असाल तर कळवा.

तुमची,
माशेझी


डर्बन,
३ मार्च २००४

प्रिय माशेझी,
अनेक आशीर्वाद.

तू आमच्या घरात सून म्हणून आलीस तेव्हाच आई म्हणाली होती की ही मुलगी वाकायची नाही. खरं बोलून बघ. मी देवाला सांगून ठेवते.

मार्ग ऐकलाय. प्रवाशांना भटारखाना आणि धोबीखाना दाखवायला एक फेरी काढतात. फक्त पंधरा जणांना घेतात, आणि पहिल्या संध्याकाळीच नाव द्यावं लागतं. चढल्यावर इतर लोक जेवणाकडे पळतील. तू आधी चौकशीच्या खिडकीवर जाऊन नाव दे. जेवण काही संपत नाही. उतरताना सगळे पोटावर हात ठेवूनच उतरतात.

अजून एक. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या माणसांच्या आधी खाली जातात. सगळे कपडे त्यात भरू नकोस. एक गृहस्थ बोटीचा आंघोळीचा झगा घालून माझ्यासमोरून पासपोर्टच्या रांगेत गेले होते. हातात ब्रीफकेस, आणि चालणं अगदी मंत्र्यासारखं.

एकोणीस तारखेला, तू परत येशील तेव्हा, मी सकाळच्या पाळीत आहे. मला ठाऊक आहे की फांदी हातात असेल तर रीतीप्रमाणे घरी पोचेपर्यंत तू माझ्याशीही बोलणार नाहीस. मी रागावणार नाही. मी फक्त बघेन.

तुझी,
बाजाबुलिले


म्तवालुमे,
२४ मार्च २००४

प्रिय वन्सं,
स.न.वि.वि.

पासपोर्टच्या रांगेपासून टॅक्सीपर्यंत तुम्ही मला एकच गोष्ट विचारत होता, आणि मी खाली बघत चालत होते. घर येईपर्यंत त्यांच्याशिवाय कुणाशी बोलायचं नव्हतं. आता बोलते.

चढायच्या दिवशी तुम्ही वरच्या मजल्यावर होता. तपासणीच्या टेबलावर मी फांदी ठेवली आणि सांगितलं की ही माझ्या नवऱ्यासाठी आहे. तिथला तरुण मुलगा म्हणाला, मावशी, झाडपाला कचऱ्यात. शेजारी गुमेडे नावाचे साठीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी फांदीकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, नियम तो नियम, मी हातात घेऊन जाऊ देऊ शकत नाही. मग त्या मुलाला म्हणाले, जरा हात लावून बघ. त्याने लावला आणि बोट तोंडात घातलं. गुमेड्यांनी वहीत लिहिलं: टोकदार वस्तू, एक. केबिन २०४२. शेवटच्या दिवशी परत. आणि फांदी इस्त्र्या आणि किटल्यांच्या टोपलीत ठेवली, सगळ्यांत वर, पाला दबू नये म्हणून.

म्हणजे फांदी बोटीवर गेली, मीही गेले, पण दोघी वेगवेगळ्या. मी जेवायच्या आधी खिडकीवर नाव दिलं. चौदावी होते.

केबिनमध्ये दोन पलंग. खोली आवरणारा मुलगा मादागास्करचा, हेरी. त्याने एकच पलंग घातला. मी सांगितलं, दोन्ही घाल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा त्याने विचारलं की कुणी येणार आहे का. मी नाव नाही घेतलं, धोबीखान्यातले सेले, असं नुसतं आपलं आडनाव सांगितलं. त्याने हातातली चादर पुन्हा उलगडली. मग त्याने तो दुसरा पलंग असा घातला की एक सुरकुती नाही. म्हणाला, कोपरा असा मुडपायला अंकलनीच शिकवलं. त्या दिवसापासून टॉवेलचा हत्ती तो त्यांच्याच पलंगावर ठेवायचा. मला एकदाही नाही.

केशरी जाकीट मी उलटं घातलं होतं. ते जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी फेरी निघाली. पंधरा जणांत जोहान्सबर्गची एक जोडी सारखे फोटो काढत होती. भटारखान्यात आम्हाला बटाटे सोलायचं यंत्र दाखवलं, ते मला आवडलं. मग धोबीखाना. गरम, ओला, साबणाचा वास. त्यांच्या शर्टाला सुट्टीवर आले की हाच वास यायचा. चादरी दाबायची तीन यंत्रं होती. हेरीने आधी सांगून ठेवलं असावं, कारण एका कामगाराने मला तिसऱ्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि मग एकेक करून सगळ्यांनी यंत्रं बंद केली. दाखवणारी मुलगी गडबडली. मला तेवढाच वेळ होता आणि हातात काही नव्हतं. मी त्यांना कुळाच्या नावांनी हाक मारून हळू आवाजात म्हटलं:

"न्दोसी, मगाये, मी आलेय. तुमची फांदी वर कोठीत आहे, इस्त्र्यांच्या टोपलीत, केबिन २०४२ ची चिठ्ठी आहे बघा. मला तिकडे जाऊ देत नाहीत. तुम्हाला इथले जिने माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तुम्ही या."

जोडीने फोटो काढला नाही. यंत्रं पुन्हा सुरू झाली आणि आम्हाला पुढे नेलं. बस्स, एवढंच. भावजींनी सांगितलं होतं तसं काहीच झालं नाही, म्हणून शेवटच्या दोन रात्री मला झोप नव्हती.

एकोणीसला सकाळी मी इस्त्र्या परत घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले. फांदी हातात आली, पाला थोडा सुकलेला. तिथून माझं तोंड बंद. आता शिडी उतरतोय, आता इमारतीत आलो, एवढंच त्यांना सांगत होते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला कसं वाटलं ते ठाऊक नाही. काचेमागच्या साहेबाने विचारलं, सोबत कोण आहे. मी गप्प. पुन्हा विचारलं, जोरात. मागे लोक कुजबुजायला लागले. मी फांदी दोन्ही हातांनी धरली, वन्सं. एक शब्द बोलले असते तर सगळी फेरी फुकट गेली असती. तेवढ्यात बादली खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि तुमचा आवाज:

"ती बोलणार नाही, साहेब. माझ्या भावाला घरी घेऊन चाललीय."

तो साहेब उभा राहिला आणि त्याने उभ्यानेच शिक्का मारला. तुम्हाला ते दिसलं की नाही कोण जाणे, तुम्ही ओल्या फरशीवरून लोकांना बाजूला करत होता.

टॅक्सीत तुम्ही दोन जागा सांगितल्या, ड्रायव्हरने काही विचारलं नाही. आता तुमचा प्रश्न. आले का? मला खात्रीने कसं सांगता येईल? लोवू नदीचा पूल आला तेव्हा वाट कळावी म्हणून त्यांना लोवू आली म्हटलं. म्खोमाझी आली तेव्हा म्खोमाझी. मग स्वयंपाकघराच्या पत्र्यांचं निघालं. दर सुट्टीत ठोकतो म्हणायचे आणि चौदा वर्षं ठोकले नाहीत, गेल्या पावसात पिठाचं पोतं भिजलं, ते सगळं. पार्क राइनीच्या पुढे माझ्या लक्षात आलं की मी त्या रिकाम्या जागेशी चांगली भांडतेय, आणि ते नेहमीसारखे खिडकीबाहेर बघतायत. नसलेल्या माणसाशी असं भांडता येत नाही. एवढं मला कळतं.

घरी भावजी फाटकात उभे होते. फांदी मागच्या भिंतीशी पूर्वजांच्या जागी ठेवली, बोकड कापला, भावजी त्यांच्याशी बराच वेळ बोलले आणि एकदाही खोकले नाहीत. तुमचा वाटा शेजारणीच्या फ्रीजमध्ये आहे. रजा काढून या आणि त्यांना भेटा.

तुम्ही त्या दिवशी माझ्या जागी बोललात, तशाच पुढेही बोलत राहा.

तुमची,
माशेझी

ता. क. दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली आणि स्वयंपाकघराचे पत्रे स्वतः ठोकले.