आतला ठेव, सूनबाई

मामंजी, आज दुपारी मी कोथिंबीर निवडत बसले हुते आणि सैपाकघरातला फोन टिंग करून वाजला. पुरता न्हाई वाजला, नुसता टिंग. तुमी पुढच्या खोलीत फोन उचलला की आतला असाच टिंग करायचा आणि मी चहाचं आधण ठेवायची. आजबी ठेवलं. चहा उकळल्यावर ध्यानात आलं, तुमाला जाऊन इतकी वर्षं झाली की तवा न जन्मलेली नात आता कॉलेजात जाती.

पुढं तुमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, मागं आपण राहायचो. एकाच लाइनीवर पुढं फॅक्सचं मशीन, अन् आत माझ्या मिसरीच्या डबीशेजारी भिंतीवर दुसरा फोन. मी नवी नवरी, शाळा दुसरीपतुर. एकदा तुमी केडगाव नाक्यावर गाडी बघायला गेल्ता आणि कुणी लांबचा कांद्याचा व्यापारी फोनवर बोलला, "टोन द्या, टोन द्या." मला ऐकू आलं, दोन द्या. मी म्हनलं, "दोन कुठल्या देऊ? एकच टेम्पो हाय, त्याचाबी टायर बसलाय!" तो परत टोन, मी परत एकच. तेवढ्यात तुमी आलात, हसून हसून ठसका लागला. "सूनबाई, तो गाडी मागत न्हाई, मशीनची शिट्टी मागतोय." मग बटन दाबून दाखवलंत, अन् नेम घालून दिलात: शिट्टी सुरू झाली की आतला फोन ठेवायचा. आतला उचललेला राहिला तर कागद अर्ध्यातच तुटतो. पुढं मी उगीचच उचलायची, अन् तुमी घसा खाकरून म्हणायचा, "आतला ठेव, सूनबाई." माहेरी मला कुणी बाई म्हनलं नव्हतं. लई गोड वाटायचं.

तर आज उचलला. आधी वाऱ्यासारखं काहीतरी, मग कुणीतरी श्वास घेतंय, मग तोच खाकरा. अंगावर काटा आला अन् हसूबी आलं. नात धावत आली. "आजी, वायर कापलीय गं, हे बघ!" खाली तुटकं टोक लोंबत हुतं, व्हय. मी म्हनलं, "तुझ्या मोबाईलला कुठं वायर हाय?" तिनं हसत भिंतीवरचा फोन कानाला लावला. हसू तिथंच थांबलं. माझ्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. अजून आत आली न्हाई.

पुढच्या खोलीत मशीन चादरीखाली हाय, त्याची पिनबी लावलेली न्हाई. तिथून आता शिट्टी येतीय. अन् कानात तुमी, "आतला ठेव, सूनबाई."

मान वाकडी करून, फोन खांद्यात दाबून हे लिहितीय, तुमी गाड्यांच्या पावत्या लिहायचा तसं. उद्या रंगारी येणार, लेकानं फोन भिंतीवरून काढायला सांगितलाय. हे पत्र मशीनमधून तुमाला धाडावं असं लई मनात हाय. तुमचाबी एखादा कागद यायचा असंल. पण त्याला आतला ठेवावा लागतो. ठेवला तर कागद जाईल, अन् तुमचा आवाजबी जाईल. म्हणून पत्र इथंच ऱ्हातंय, कोथिंबिरीच्या काड्यांशेजारी. नेम मला पाठ हाय, मामंजी. आज पाळवत न्हाई.