पान्ह्याचं शास्त्र

माजिवडा, ठाणे
गुरुवार, १४ नोव्हेंबर

सौ. जागृतीस,
आशीर्वाद.

अद्वयची मूठ माझ्या ओढणीत अडकली आहे. सोडवली तर जागा होईल, म्हणून एका हाताने लिहिते आहे. अक्षर चालवून घे.

इकडे सगळे बरे आहेत. सासूबाईंचा गुडघा आता दुखत नाही. रोज सकाळी त्या फिरायला जातात, बाळकुमच्या रस्त्यानेच, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते. समीक्षाची सहामाही झाली असेल. मयूरभावजींची सर्दी गेली का?

आपण फोन करायचा नाही असं मी ठरवलं, पण कारण सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात तू सासूबाईंना फोन केला होतास. इकडे मागे अद्वय रडत होता. तू बोलता बोलता थांबलीस आणि फोन ठेवलास. त्यांना वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती. तुझा कुर्ता भिजला असणार.

त्यात लाजण्यासारखं काही नाही. कल्याणच्या कॉलेजात मी मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवते. रडणं कानात जातं, कानातून मेंदूत. मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. ते अंगभर फिरतं, पण त्याचं ऐकतात फक्त त्या पेशी, ज्यांच्यावर त्याचा रिसेप्टर आहे. छातीतल्या पेशींवर तो असतो. त्या आवळतात, दूध उतरतं. एवढंच. कोणाचं मूल रडतंय, याची तिथे चौकशी होत नाही. रिक्षात शेजारच्या बाईचं मूल रडलं तरी हेच होईल. यात तू काही करत नाहीस. जे आपण करत नाही, त्याला माया म्हणू नये.

पुस्तकात कुलूप आणि किल्ली असं लिहितात. मला ते पटत नाही. कुलपाला निदान मालक असतो. रिसेप्टरला फक्त आकार कळतो. तसाच आकार बाहेरून आणून बसवला तरी तो मानतो. कितीतरी औषधं याच फसवणुकीवर चालतात. डिस्चार्जच्या दिवशी, अद्वयला माझ्या ओटीत घातल्यावर, सासूबाईंनी तुला दोन गोळ्या दिल्या. ताकदीच्या म्हणून. त्या ताकदीच्या नव्हत्या, दूध बंद करण्याच्या होत्या. तुला विचारलं असतं तर तू रडली असतीस, आणि रडून घेतल्याच असत्यास. मधलं रडणं मी वाचवलं.

तरीही थोडं येत असेल, तर ते शेवटचं. पिळून काढू नकोस. रिकामं केलं की शरीराला वाटतं कोणीतरी पितंय, आणि ते पुन्हा भरतं. घट्ट बांध. कोबीची थंड पानं ठेव. शरीर विसरेल. त्याला विसरायला मनाइतका वेळ लागत नाही.

अद्वयची काळजी नको. सुरुवातीला तो पावडरचं दूध घेत नव्हता. थुंकायचा. डॉक्टर वजनावरून मला बोलले, सगळ्यांसमोर. आता तो प्रश्न राहिला नाही. सासूबाईंच्या हातची बाटली त्याला मानवली. फिरून आल्या की त्या दिवसाच्या बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवतात, आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत पितो. मी बनवलेली बाटली अजून तोंडात धरत नाही, हेही खरं. सवयीचा भाग आहे.

सोमवारी अकरा वाजता निबंधक कार्यालयात दत्तकपत्राची नोंदणी आहे. जन्म देणारीची संमती लागते. मयूरभावजी तयार आहेत. राहिलीस तू. आधार कार्ड आण. अद्वयला मी तिथे आणणार नाही. कारण वर लिहिलंच आहे.

तुझं मन फिरलंय असं सासूबाईंच्या बोलण्यातून कळलं. एक आठवण करून देते. मार्चमध्ये तू पोट पाडायला निघाली होतीस. "समीक्षा एक पुरे, ताई, मला परत ते सगळं नको," म्हणालीस. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तुझा हात धरला. तो धरला नसता, तर आज कुर्ता भिजायला कारणच उरलं नसतं.

सहा वर्षं मी पोटात इंजेक्शनं घेतली. रक्तात सगळं भरपूर असायचं. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई खूश व्हायच्या. आत ऐकणारं कोणी नव्हतं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

अद्वयची आई,
हेमांगी



बाळकुम
शुक्रवार, संध्याकाळ

हेमांगीताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. समीक्षाला गणितात कमी पडले, बाकी ठीक. ह्यांची सर्दी गेली. हे पत्र ह्यांच्याच हाती देते, जाताना तुमच्या वॉचमनकडे ठेवतील.

तुम्ही छान समजावता. मला कॉलेजात अशी मॅडम मिळाली असती तर मी बारावीला बसलेली तेव्हा पास झाली असते.

गोळ्या मी घेतल्या नाहीत. सासूबाईंनी हातावर ठेवल्या आणि बोलल्या, "हेमांगीने दिल्यात. ताकदीच्या आहेत असं सांगा म्हणाली. तू तोंडात घालू नकोस." मग परत माझ्या हातातून घेतल्या आणि पदराला बांधल्या. तुम्ही बाहेर बाळाला घेऊन फोटो काढत होतात.

त्यांचा गुडघा आहे तसाच आहे. त्या फिरायला जात नाहीत. कोपऱ्यावर रिक्षा पकडतात आणि माझ्याकडे येतात. मी दूध काढून ठेवलेलं असतं. फ्लास्कमध्ये भरून नेतात. तुमच्या फ्रीजमधल्या बाटल्या माझ्या आहेत. पावडर त्या रोज दोन चमचे बेसिनमध्ये सोडतात, डबा संपताना तुम्हाला दिसावा म्हणून.

म्हणजे अद्वय रोज मलाच पितो. बाटली तुम्ही धरता. एवढंच.

माझी आई परवा बोलली, "गो बाय, पोर का डब्यान झाला तुला, दूध डब्यान पाठवतंस ते?" मी हसले. तोपर्यंत मला वाटायचं, तुम्हाला आतून कळलं असेल आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प असाल. पत्र वाचलं आणि समजलं, तुम्हाला काहीच कळलेलं नाही. एवढं शिकून.

तुम्ही हात धरला ते खरं. मी नको बोललेली तेपण खरं. तेव्हा ते नुसतं पोट होतं. आता त्याला माझ्या बाबांचं कपाळ आहे. मी ते पाहिलंय. मला ते दाखवायला नको होतं.

सोमवारी मी येत नाही. उद्यापासून फ्लास्क पण नाही. त्याला दूध हवं तर इकडे आणा, मी मांडीवर घेऊन पाजीन. बाटलीत घालून मी त्याला आता कुठे पाठवणार नाही. तुमच्या दारात येणार नाही. बारशाच्या दिवशी आलेली, तुम्ही आतून कडी लावलीत.

कोबी तुम्हीच भाजीला घ्या.

जागृती



माजिवडा
शनिवार, १६ नोव्हेंबर

जागृती,

आज सकाळी सासूबाई रिकामा फ्लास्क घेऊन गेल्या आणि रिकामाच घेऊन आल्या. तुझं पत्र मी वाचलं होतं. त्यांनी चपला काढल्या आणि दाराशीच खुर्चीवर बसल्या.

अद्वय सातला उठला. मी पावडर कालवली. त्याने तोंड फिरवलं. त्याला घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. तो माझ्या गाउनवर तोंड घासत होता. बटणं काढून मी त्याला लावू दिलं. दोनदा ओढलं त्याने, मग सोडून माझ्याकडे पाहिलं आणि जास्त मोठ्याने रडायला लागला.

तेव्हा खिडकीतून तू दिसलीस. पार्किंगमध्ये, स्कूटरच्या आड, ओढणी छातीशी गच्च धरून. आम्ही पहिल्या मजल्यावर. आवाज सरळ खाली जातो. खिडकीची एक काच बंद होती. ती मी सरकवली.

सासूबाई म्हणाल्या, "हेमांगी, बोलाव तिला."

मी म्हटलं, "तिला येता येतं. जिना आहे."

तू वर पाहिलं नाहीस. मी हाक मारली नाही.

नऊनंतर तो थांबला. दमला होता. चमच्याने पावडरचं दूध दिलं. आधी ओघळू दिलं त्याने, मग गिळलं, मग वाटी संपवली. भूक हेही रक्तातून येणारं बोलावणं आहे, आणि वासाची ओळख त्यापुढे टिकत नाही. हे मला वर्गात सांगता येईल.

खाली पाहिलं तर तू नव्हतीस. थोड्या वेळाने वॉचमन वर आला. "खालच्या बाईंनी दिलंय, बाळासाठी." समीक्षाची शाळेची बाटली होती, तिच्या नावाचं स्टिकर लावलेली. कोमट होती. सासूबाई उठून दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या.

मी ती बेसिनमध्ये ओतली. ओतताना वास आला. अद्वयच्या तोंडाला रोज येतो, तोच.

आता तो झोपला आहे. बाटली धुऊन या पत्रासोबत पाठवते आहे. समीक्षाला सोमवारी शाळेत लागेल.

सोमवारी अकरा वाजता. आधार कार्ड विसरू नकोस.

हेमांगी