बाबांची चौकट आणि भाऊजींचा पंजा

आदरणीय भाऊजींस,

दोन्ही हात जोडून (आणि एक पाय पळायच्या तयारीत ठेवून) नमस्कार. कंबर कशी आहे? ताई फोनवर "बरी आहे" म्हणाली, पण ती माझ्या अकलेबद्दलही लोकांना तेच सांगते. इकडे सगळे खुशाल. मी तेवढा फोटोच्या दुकानात राहायला गेल्यासारखा आहे.

कारण आपला तो अंगणातला सगळ्यांचा फोटो. आईला तो खुर्चीत बसल्या बसल्या चेहरे ओळखू येतील एवढा मोठा हवाय, आणि तोही बाबांनी स्वतः रंधा मारून केलेल्या चौकटीतच. बाबांनी आयुष्यात ती एकच वस्तू काटकोनात केली (आमचं डगमगतं स्टूल आठवा), तीही नेमकी चौरस. आपण मात्र दोरीवर वाळत घातल्यासारखे एका ओळीत उभे.

पहिली प्रत माझ्या फोनमधल्या फोटोवरून काढली. दहा जणांकडून फिरत आलेला तो फोटो मोठा केल्यावर सगळे चाळणीआडून बघताहेत असं वाटायला लागलं. फोटो काढणाऱ्या शेजाऱ्याकडून मूळ फोटो आणला, तर दुसऱ्या प्रतीत अख्ख्या खानदानाला कावीळ. मशीनमधली शाई संपत आलीय, असं दुकानदार म्हणाला, जणू ती मीच प्यायलो. तिसऱ्या वेळी त्याने न सांगता सुधारणा केली. सुरकुत्या गेल्या, सगळे गोरे झाले, आई ताईहून लहान दिसू लागली. आईने विचारलं, "ही माणसं कोणाकडची?" (ताईला मात्र तीच प्रत हवी आहे. पाठवतोय.)

शेवटी रंग जमला, कागदही न चकाकणारा मिळाला, तेव्हा चौकट आडवी आली. सगळे मावतील असा काढला, तर वर-खाली पांढरे पट्टे आणि चेहरे मोहरीएवढे. भिंत कापली, कुंड्या कापल्या, तरी एक माणूस उरतच होता. दुकानदाराने पट्टी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, चौकट वाढत नाही, माणूस कमी करता येतो. डावं टोक कापू की उजवं?"

अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये, भाऊजी. मी उजेड, सावली, भिंतीवरची ओल, सगळ्याचा साधकबाधक विचार केला आणि डावं म्हणालो. डाव्या टोकाला तुम्ही होतात.

तुमचं मन मोठं आहे, हे मी सगळ्यांना सांगत असतो. (मागे चहा विचारायचा राहिला, तर वर्षभर तुम्ही आमच्याकडे पाणी प्यायला नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

तुमचा लाडका (निदान कालपर्यंतचा)
मेव्हणा

ता. क. : जावई कुठे दिसत नाहीत, असं आईने विचारलंच. फोटो त्यांनीच काढलाय, असं मी सांगून बसलोय. (काढला शेजाऱ्याने, हे ती विसरली आहे. तुम्हीही विसरा.) ती इतकी खूश झाली, की रविवारी सगळ्यांचा नवा फोटो तुम्हीच काढायचा, असं ठरलंय. तेव्हा मान डोलवा, आणि येताना तिने दिलेली पोवळ्याची अंगठी घालू नका. फोटोत ताईच्या खांद्यावर तुमचा तेवढा पंजा राहिलाय, अंगठीसकट.

ता. क. २ : अंगठी घातलीत तरी चालेल. आईचा नवा चष्मा आत्ताच आला. तिने फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, ताईच्या खांद्यावरच्या अंगठीवर बोट टेकवलं, मग म्हणाली, "आणि उजव्या टोकाला तूच ना रे?"

रविवारी फोटो मी काढणार आहे.