न हलणारं बटन

बापू, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भोकरच्या दुकानात रेडिओ आणि टेप दुरुस्तीला यायचे. मी आता लातूरला लॅपटॉप दुरुस्त करते. परवा मी अशा एका बटनाचं काम केलं, जे हलतच नाही.

लॅपटॉपवर बोट फिरवायची एक पट्टी असते, टचपॅड म्हणतात. आधी ती दाबली की खाली जायची आणि आतलं बटन टुक् वाजायचं. आता नव्या मशीनमध्ये तिथे काच आली, ती खाली जातच नाही. खालचे सेन्सर बोटाचा दाब मोजतात आणि एक बारकी मोटर काचेला इतका हलका हिसका देते, की बोटाला वाटतं बटन दाबलं गेलं. मशीन बंद केली की तीच काच फरशीसारखी मुकी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रागच आला. ज्या बोटांच्या भरवशावर इतकी वर्षं काम केलं, त्यांनाच हे फसवून राहिलं.

आठवतं बापू, आपलं भोकरचं दुकान, मी नववीत आहे. शाळेतून येते, गिऱ्हाईकाचा रेडिओ उचलते आणि थेट स्क्रू काढायला लागते. तुम्ही स्क्रूड्रायव्हर काढून घेता.

"चालू करून बघितला का?"

"न्हाई."

"मग आत काय शोधून राहिलीस?"

त्यानंतर महिनाभर तुम्ही मला रेडिओ फक्त ऐकायला लावलेत. मी लई रुसले होते.

परवा रेणापूरच्या एक शिक्षिका आल्या. हात न लावता त्यांच्या लॅपटॉपच्या पडद्यावरचं काहीही आपोआप निवडलं जायचं, पुसलंही जायचं. पीएचडीचा प्रबंध त्यात, सोमवारी तोंडी परीक्षा. दुसऱ्या दुकानात सांगितलं होतं, टचपॅड गेला, नवा यायला पंधरा दिवस.

"ताई, पंधरा दिवस माझ्याकडं न्हाईत," त्या म्हणाल्या.

"बसा," मी म्हणाले. "आज करूनच देते."

तासभर मी काहीच उघडलं नाही. मशीन थंड असताना कमी त्रास, चार्जिंगला लावून गरम झाली की जास्त. काचेवरून नख फिरवलं, तर एक कड केसभर वर आलेली. मग खोललं. खालची बॅटरी फुगली होती आणि काचेला आतून रेटत होती; सेन्सरला वाटायचं, कुणीतरी सारखं दाबतंय. टचपॅड धडधाकट होता. बॅटरी काढली, मशीन नुसत्या चार्जरवर चालवली. त्यांनी बोट ठेवलं, टुक् झालं, आणि त्या पदराने चष्मा पुसत बसल्या. संध्याकाळच्या एसटीने प्रबंध घेऊन गेल्या. नवी बॅटरी पुढच्या आठवड्यात बसवीन. अशी मशीन मी आता दुसऱ्या दुकानाकडे पाठवणार नाही, इथेच दुरुस्त करायला शिकणार.

पण बापू, गेल्या वर्षी अशी पहिली मशीन आली, तेव्हा मला टचपॅडची काच अडकल्यासारखी वाटली आणि मी अंगठ्याने जोर दिला. काच तडकली. ज्यांची होती त्या बाईंना मी सांगितलं, तडा आधीचाच होता. त्यांनी विश्वास ठेवला. उद्या दुकान उघडलं की त्यांना फोन करून खरं सांगणार आहे. हे पत्र खणातच राहील. आधी तुम्हाला सांगून बघितलं, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.